जुनी टू-स्ट्रोक फोर-बाय-फोर घ्यावी का? दोन दिवस चालवून आलो

गाडी घ्यायची हे मनात जवळपास पक्कं झालं होतं. एटीव्ही किंवा क्वाड, म्हणजे बाईकसारखं हँडल आणि सीट असलेली, कच्च्या वाटांवरची चार चाकी. चारही चाकांना ताकद, टू-स्ट्रोक इंजिन, बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक गिअर. वय बरंच, पण पहिल्यापासून एकाच हातात राहिलेली. मालक म्हणाले, "इथल्या इथे दोन चकरा मारून काय कळणार? ट्रेलला घेऊन जा, मी पण येतो. मग काय ते ठरवा." विकणारा माणूस स्वतःहून असं म्हणाला की मी विरघळतो, हा माझा जुना दोष.

तर दोन दिवस, पाच गाड्या. मालक आणि बाकीचे तिघे फोर-स्ट्रोकवर, मी या म्हातारीवर. पहिल्या दिवशी जंगलातली अरुंद वाट, मुळं आणि दगडांचे चढ, एक ओढा. दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पलीकडे उतरणारी लांब वाट आणि परत. अशी गाडी घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट, कारण मला प्रत्येक जण विचारतो की अशी गाडी असते तरी का. टू-स्ट्रोक क्वाड म्हटलं की यामाहाची बॅन्शी नाहीतर होंडाची टीआरएक्स २५० आर आठवते, पण त्या फक्त मागच्या चाकांवर पळणाऱ्या. होंडाची पहिली चार चाकी ताकदीची फोरट्रॅक्स ३५० १९८६ साली आली, ती फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोक आणि चारही चाकं ही जोडी प्रामुख्याने पोलारिसने जमवली: १९८७ ची ट्रेल बॉस फोर-बाय-फोर, पुढे ३५० एल, मग नव्वदच्या दशकातली एक्सप्लोरर ४००, जिचं इंजिन ३७८ सीसीचं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००२ साली धुराचे नियम केले आणि ते २००६-०७ च्या मॉडेलांपासून लागू झाले, तेव्हा तिथल्या बाजारातून टू-स्ट्रोक एटीव्ही गेल्याच. म्हणजे आज जी मिळेल तिला बहुतेक वीसहून जास्त वर्षं झालेली असणार. कोणत्या कंपनीची यापेक्षा गेली वीस वर्षं ती कोणाच्या हातात होती, हे आधी विचारा.

सकाळी थंड इंजिन चोक ओढून दोरीच्या दुसऱ्या हिसक्याला सुरू झालं. बॅटरी बसली तरी हाताने सुरू करता येणं हा या गाडीचा मोठा फायदा. धूर पहिली पाच मिनिटं, मग विरळ. तरी मला सगळ्यात मागे ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. तुम्हीही मागेच राहा. पुढे गेलात तर दिवसभर मागच्यांच्या नाकात तेलाचा वास, आणि जेवायला थांबल्यावर शेजारी कोणी बसत नाही.

चढांवर मात्र मी खूश. बेल्टची यंत्रणा इंजिनला त्याच्या आवडीच्या रेसवर धरून ठेवते, त्यामुळे टू-स्ट्रोकचा "खाली काहीच नाही, मग एकदम धडाम" हा स्वभाव गिअरच्या बाईकवर जाणवतो तसा इथे जाणवत नाही. रेसची कळ अंगठ्याखाली असते; अंगठा दाबला की गाडी उचलते. दोन वर्षांची नवी फोर-स्ट्रोक जिथे जड पावलांनी चढली, तिथे ही नाचत गेली. पुढची चाकं बटण दाबल्यावर लगेच लागत नाहीत. बटण फक्त पुढच्या हबना (चाकांच्या मधल्या भागांना) तयार ठेवतं, आणि मागची चाकं घसरून पुढच्यांपेक्षा जोरात फिरायला लागली की हब आपोआप पकडतात. म्हणून बटण चिखलात शिरायच्या आधी दाबायचं. मागची चाकं जोरात फिरत असताना दाबलं तर पुढच्या भागांना एकदम झटका बसतो. पाहायला गेलात तर गाडीचं पुढचं टोक उचलून आधारावर ठेवा, बटण चालू करा, आणि पुढची चाकं खरंच पकडतात का ते बघा. "फोर-बाय-फोर आहे" असं सांगितलेल्या किती गाड्या प्रत्यक्षात टू-बाय-फोर निघतात!

पहिला धडा चढावरच मिळाला. मधेच एक आडवं खोड दिसलं, मी सवयीने अंगठा सैल केला. गिअरच्या गाडीत इंजिन निदान धरून ठेवतं. इथे रेस खाली आली, क्लच सुटला, आणि गाडी सरळ मागे घरंगळायला लागली. पहिली ऊर्मी असते ती एकदम रेस देण्याची आणि तीच गाडी उलटवते. डावीकडचा, चारही चाकांचा ब्रेक हळूहळू दाबत थांबवली, वजन पुढे टाकलं, पार्किंगचं कुलूप लावलं आणि चढाच्या बाजूने खाली उतरलो. पायाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो; मागे सरकताना नुसता तो दाबला तर पुढचं टोक वर येतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. अंगात भिनलं ते त्या दिवशी.

आता ज्या तीन गोष्टींकडे मी लक्ष दिलं नाही त्या.

एक: चढ संपून थांबलो की रेस लगेच खाली येईना. दोन-तीन सेकंद तशीच लटकायची, मग उतरायची. मला वाटलं, थ्रॉटलची केबल जुनी झालीय, अडकत असेल. दोन: थांबलेली असताना गाडी ब्रेक सोडला की किंचित पुढे सरकायची. हेही मी बेल्टच्या गाडीचा स्वभाव म्हणून सोडून दिलं. तीन: दुपारी मालकांनी स्पार्क प्लग काढून दाखवला. पांढरट, फिकट, स्वच्छ. "बघा, काजळी नाही की तेल नाही, किती छान जळतंय," ते म्हणाले, आणि मी मान डोलावली. टू-स्ट्रोक म्हणजे तेलाने माखलेला प्लग या भीतीने मी तीन नवे प्लग खिशात घेऊन फिरत होतो. एकही लागला नाही, याचं मला कौतुकच वाटत होतं.

ओढ्याचं थोडक्यात: पाणी गुडघ्याच्या खाली होतं. बेल्टच्या खोक्याची हवेची नळी कुठून येते ते आधी पाहून ठेवलं होतं, तेवढ्या उंचीच्या वर पाणी असेल तर जाऊच नका. तरी थोडं शिरलंच. बाहेर आल्यावर इंजिन आरडायला लागलं आणि गाडी जागच्या जागी, म्हणजे बेल्ट ओला. खालचं बूच काढून पाणी सोडलं, न्यूट्रलमध्ये थोडी रेस दिली, बेल्ट वाळला. ब्रेकही ओले असतात, पुढच्या उतारापूर्वी चार-पाचदा दाबून वाळवून घ्या.

दुसऱ्या दिवसाचा उतार हा या प्रवासाचा खरा विषय. सुट्या मुरमाची, वळणावळणाची वाट, सतत खाली. फोर-स्ट्रोकवाले अंगठा सोडून निवांत बसले होते. त्यांच्या नव्या बेल्टच्या गाड्यांत इंजिन ब्रेकिंगची सोय आहे, इंजिनच त्यांना मागे ओढत होतं. माझ्याकडे ते नाही. अंगठा सोडला की क्लच सुटतो आणि गाडी सायकलसारखी मोकळी धावते. अर्ध्या तासात माझी बोटं आखडली, ब्रेकचा वास यायला लागला, लिव्हर मऊ पडला. दोनदा थांबून ब्रेक गार होऊ दिले. मालकांनी युक्ती सांगितली: लो गिअरमध्ये अगदी किंचित रेस धरून ठेवायची, म्हणजे क्लच सुटत नाही आणि थोडं तरी इंजिन धरतं. काम करते, पण उतारावर रेस देत राहणं हे मेंदूला पटायला वेळ लागतो.

इथे टू-स्ट्रोकची एक जुनी अडचणही कळते. या इंजिनाला वंगण पेट्रोलबरोबरच मिळतं. तेलाचा पंप असला तरी तो थ्रॉटलच्या केबलशी बांधलेला असतो. म्हणून इंजिन जोरात फिरतंय आणि थ्रॉटल बंद आहे, ही अवस्था त्याला सोसत नाही. पेट्रोल कमी, म्हणजे तेलही कमी. क्लच सुटून इंजिन आयडलवर येतं तो त्या दृष्टीने आशीर्वादच. इंजिन वाचतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

या गाडीचा पंप मालकांनी काढून टाकला होता आणि ते पेट्रोलमध्येच तेल मिसळत, चाळीसाला एक, म्हणजे लिटरला २५ मिली. पंप बंद पडून इंजिन जाम होण्यापेक्षा हे बरं, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. पण मग बाटली आणि माप कायम बरोबर हवं. दोन दिवसांच्या त्याच वाटेला शेजारची फोर-स्ट्रोक साडेसहा लिटर प्यायली, माझी नऊ. मधे पेट्रोल मिळणार नसेल तर हा हिशेब निघण्याआधी करा, आणि इतरांच्या कॅनमधलं घेताना त्यात तेल नाही हे विसरू नका. संध्याकाळी दमलेल्या माणसाच्या हातून नेमकी हीच चूक होते.

परतल्यावर सौदा करायच्या आधी मी एक अट घातली: क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद खोक्याची, हवेची चाचणी. मालक लगेच तयार झाले. कार्बुरेटर आणि सायलेन्सरची तोंडं बंद केली, छोट्या हातपंपाने साधारण ६ पीएसआय हवा भरली आणि काटा बघत बसलो. सहा मिनिटं तो हलायला नको. आमचा दोन मिनिटांत चारवर आला. पुलरने (ओढून काढायच्या हत्याराने) क्लच काढून मागे साबणाचं पाणी मारलं, तर क्रँकच्या ऑइल सीलभोवती बारीक बुडबुडे.

सगळं एका क्षणात जुळलं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच जातं. सील बाहेरची हवा ओढत होतं, मिश्रण पातळ होत होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. म्हणून रेस लटकत होती, म्हणून गाडी पुढे सरकत होती, म्हणून प्लग पांढरा. मी ज्याला दोन दिवस "छान जळतंय" म्हणत होतो तो पिस्टन वितळण्याच्या वाटेवरचा प्रवास होता. लांब चढावर पूर्ण रेसमध्ये केव्हाही जाम झालं असतं. निरोगी टू-स्ट्रोकचा प्लग कॉफीच्या रंगाचा हवा. काळा असेल तर त्रास, पांढरा असेल तर धोका. मालकांचा चेहरा पडला. त्यांनी लपवलं नव्हतं, त्यांना माहीतच नव्हतं, आणि विकण्याआधी दोन्ही बाजूंची सीलं बदलतो असं ते स्वतःहून म्हणाले.

मी गाडी घेतली नाही. सीलमुळे नव्हे, क्लच निघाल्यावर सील बदलणं फार मोठं काम नाही, आणि पिस्टन, रिंग, बेअरिंग अजून मिळतात. (प्लास्टिकचे पत्रे आणि विजेचे भाग मात्र आधी शोधून बघा, तिथे घोडं अडतं.) माझ्या वाटांवर उतार फार आहेत, आणि तो अर्धा तास मला दर वेळी नको आहे. तुमच्याकडे सपाट जंगल, चिखल आणि छोटे उभे चढ असतील, हाताला काळं लागण्याची हौस असेल, सोबतीला धुराची तक्रार न करणारी मंडळी असतील, तर ही गाडी हलकी, सोपी आणि भलतीच मजेची आहे. मला दोन दिवसांत चढांवर जेवढं हसू आलं तेवढं नव्या गाडीवर वर्षभरात येत नाही. एकट्याने दूर जाणाऱ्यांनी मात्र नको. गटात दुसरी गाडी म्हणून ठीक.

बघायला जाल तेव्हा इंजिन गार असतानाच पोहोचा, मालकाने आधी गरम करून ठेवलं असेल तर त्याचं कारण विचारा. प्लगचा पाना, जादा बेल्ट, तेलाचं माप आणि हबचं तेल बरोबर ठेवा. कम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) मोजा, पण त्यावर भागवू नका. आमच्या गाडीचं कम्प्रेशन उत्तम होतं. आणि हवेची चाचणी ट्रेलला निघायच्या आधी करा. मी ती परत आल्यावर केली.