एकादशी अन् दुप्पट खाशी, सिसिलीत

१३ डिसेंबरला सकाळी घरमालकीणबाईंनी पावाची टोपली उचलून कपाटावर ठेवली. इटलीच्या सिसिली बेटावर, पालेर्मो शहरामागच्या डोंगरातलं गाव, बोचरी थंडी, आणि आज म्हणे पाव नाही, पास्ताही नाही. सांता लुचिया या ख्रिस्ती संत स्त्रीचा सण. गव्हाचं पीठ वर्ज्य. म्हटलं, चला, आयता उपास घडतोय.

कसला उपास! आधी पानेल्ले आले: हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, तळलेलं. आपल्या पाटवड्याच तळल्यासारख्या. मग आरांचिने, संत्र्याएवढे भाताचे गोळे, पोटात खिमा. वरचं कुरकुरीत आवरण बहुधा पावाच्या चुऱ्याचंच असतं, पण तो विषय काढायचा नसतो. आपल्याकडे उपासाला बटाटा कसा चालतो, हे कोण विचारतं?

खरा मान कुच्चीयाचा. तीन दिवस पाणी बदलत भिजवलेले अख्खे गहू बाईंनी आदल्या रात्री शिजवले आणि पातेलं लोकरीच्या घोंगडीत गुंडाळून ठेवलं. सकाळी दाणा टपोरा फुगलेला, दाताखाली आधी किंचित अडतो, मग फुटतो. निम्म्यात रिकोटा (मऊ ताजं चीज), साखर, दालचिनी. निम्म्यात छोले, मीठ, ऑलिव्हचं तेल. गोड छान होतं, पण मी दुसऱ्यावरच तुटून पडले. या तर घुगऱ्या!

"पण हेही गहूच ना?" मी विचारलंच.

"पीठ चालत नाही गं, दाणा चालतो."

त्यामागची दंतकथा १६४६च्या दुष्काळाची. याच दिवशी पालेर्मोच्या बंदरात धान्याचं जहाज लागलं आणि भुकेल्या लोकांना दळायचाही धीर धरवेना; गहू तसाच उकडून खाल्ला. सिसिलीतल्याच सिराकुझा शहरातले लोक म्हणतात, जहाज आमच्याकडे आलं. त्या वादात मी पडत नाही. मला दोन्हीकडे जेवायचंय.

इटालियन म्हण सांगते, सांता लुचियाचा दिवस वर्षातला सगळ्यात लहान. आता तो मान २१-२२ डिसेंबरचा. १५८२मध्ये पोप ग्रेगरींनी कॅलेंडरातले १० दिवस उडवले. त्याआधी हिशेब जवळपास जुळायचा. म्हण मात्र जागची हलली नाही. हसण्यात अर्थ नाही, आपली संक्रांत तरी उत्तरायणाच्या खऱ्या दिवशी कुठे येते?

दुपारी बाईंनी वाडग्यावर ताटली झाकून मला शेजारी पिटाळलं. शेजारणीने वाडगा रिकामा करून घेतला आणि स्वतःची कुच्चीया भरून परत दिला. संध्याकाळपर्यंत ओट्यावर सहा घरचे गहू जमले होते. बाई एकेक चमचा चाखून बघत होत्या आणि कुणाचा कच्चा राहिला ते मला हळूच सांगत होत्या.