रजा

दाभोळला पोचले की नानीचा पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो, नोकरीचाही नसतो. "किती दिसांची रजा?" यंदा म्हटलं, "मधले तीन दिवस धर. सोमवारी निघायचं." तिने बोटांच्या पेरांवर मोजलं आणि निकाल दिला, "मंग तू मुसाफिर."

प्रवासाला निघालेल्याला नमाजेत सवलत असते. साधारण ८० किलोमीटरपेक्षा लांब गेलं की दुपारची जोहर, तिसऱ्या प्रहराची असर आणि रात्रीची इशा यांच्या चार-चार रकाती, म्हणजे उभं राहण्यापासून सजद्यापर्यंतच्या फेऱ्या, दोनवर येतात. पहाटेच्या फजरच्या दोन आणि सूर्यास्तानंतरच्या मगरिबच्या तीन तशाच. म्हणजे दिवसाच्या १७ फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकातींच्या होतात ११. याला कसर म्हणतात. पण मुक्काम लांबला की ती गेली. आम्ही कोकणी मुसलमान शाफई या धर्मशास्त्राच्या परंपरेतले. येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहायचं ठरलं असेल, तर पूर्ण नमाज. मुंबईतले माझे शेजारी हनफी परंपरेतले, त्यांची मुदत १५ दिवसांची. त्यांचं खातं जरा उदार.

गंमत म्हणजे, ज्या दाभोळात नानी मला मुसाफिर ठरवते, तिथूनच एके काळी हजला जाणारी जहाजं सुटत. काठावर आदिलशाहीतली दगडी मशीद अजून उभी आहे. मुसाफिरांची या गावाला सवय आहे.

अर्ज खरडताना कधी मनात आलं नव्हतं, पण रजा हा शब्द मूळचा अरबी. अर्थ मर्जी, राजीखुशी. आपलं 'राजी' त्याच घरातलं; राजीनामासुद्धा. नानी उठताबसता 'अल्लाहची रजा' म्हणते, ती हीच. मी मात्र वीस वर्षं ती शाखाधिकाऱ्याकडे मागत आले.

मुंबईत माझी जोहर म्हणजे डबा खाऊन उरलेली सात मिनिटं. बँकेच्या रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यांच्या मधे. नमाजेच्या शेवटचा सलाम फिरवेपर्यंत बाहेरचे टोकन नंबर कानात वाजत असतात. प्रेषितांनी बांग देणाऱ्या बिलालना सांगितल्याचं हदीसमध्ये आहे, की नमाजेने आम्हाला विसावा दे. खरं सांगायचं तर रेकॉर्ड रूममध्ये हे मला कधी पटलं नाही. तिथे नमाज हे उरकायच्या कामांतलं आणखी एक.

दाभोळातही पहिल्या पहाटे काही नूर वगैरे उतरला नाही. बांगेत 'नमाज झोपेपेक्षा बरी' आलं आणि मी कूस बदलली. नानीने उशीच ओढून घेतली. विहिरीच्या गार पाण्याने वजू, म्हणजे नमाजेआधीचं हातपाय-तोंड धुणं, करताना मनातल्या मनात भांडत होते. तिचं स्वतःचं मात्र दुपारी चोख असतं. माशाचं कालवण-भात झाला की ती आडवी होते. दुपारची डुलकी सुन्नत, म्हणजे प्रेषितांची रीत, आहे, त्यामुळे तिला उठवायची कुणाची टाप नाही.

रविवारी असरला आम्ही दोघी पडवीत होतो. तिचे गुडघे गेलेत, म्हणून ती खुर्चीवर बसून पढते. तिला ती सवलत, मला ही. मी तिच्या डाव्या हाताला मुसल्ला अंथरला. बरोबरच सुरुवात केली. माझ्या दोन झाल्या, सलाम फिरवला. तिच्या अजून दोन बाकी होत्या.

उठावंसं वाटलं नाही. फोन आत चार्जिंगला लावलेला. माझ्या वाट्याची नमाज झालेली, तिची चाललेली, आणि तिच्यासमोरून जायचं नाही म्हणून मला हलताही येत नव्हतं. धोपाव्याची फेरीबोट खाडीच्या मध्यावर आली होती. तिचं इंजिन ऐकू येत होतं, आणि नानीचं पुटपुटणं. आज रविवार, उद्या निघायचं, परवा काउंटर, हा हिशेब एकदा सुरू झाला आणि मधेच कुठेतरी राहून गेला. बोट या काठाला लागली.

नानीने उजवीकडे सलाम फिरवला. मग डावीकडे. डावीकडे मी बसले होते.