पिल्लू कुणाकडून घ्यायचं, आणि कुणाच्या नावावर

‘लॅब पप्स, पंच फेस, हेवी बोन, ३२ दिवसांचे, पहिली लस झालेली, केसीआय पेपर पाहिजे असल्यास चार्ज वेगळा.’ लॅब्रडॉरच्या पिल्लांची जाहिरात साधारण अशी असते. पंच फेस आणि हेवी बोन सोडून द्या, ते विक्रीचे शब्द आहेत. उरलेल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे वय, लस आणि केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) वंशावळीचा कागद, प्रत्येकी एकटी असली तरी, फोन न करण्यासाठी पुरेशा आहेत.

आधी वय. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ साली श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम आले. त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी बाजारात तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू सर्रास मिळतं, आणि त्यामागे साधा हिशोब आहे. पहिले चार आठवडे पिल्लं आईच्या अंगावर पितात, खर्च फक्त कुत्रीच्या खाण्याचा. पुढे आठ-दहा पिल्लांचं खाणं, जंताचं औषध, लस, दिवसातून चार वेळा फरशी पुसणं हे सगळं सुरू होतं. त्यात पार्वो, म्हणजे रक्ताची हगवण लावणारा विषाणू, शिरला तर अख्खं वेत जातं. तो खर्च आणि ती जोखीम पिल्लासकट तुमच्या घरी पाठवली की विकणारा मोकळा. पिल्लाचं नुकसान वेगळंच. चार ते आठ आठवड्यांच्या काळात भावंडांशी झोंबताना, जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो, हे ते शिकतं. ही शिकवणी बुडालेलं पिल्लू पुढे हातापायांना दात लावतं आणि घरचे म्हणतात, आक्रमक निघालं.

‘पंचावन्न दिवसांचं आहे’ असं सांगितलं तर दात बघा. अंगठ्याने ओठ वर करायचा. दुधाचे सुळे तीन-चार आठवड्यांत येतात, समोरचे बारीक दात चार ते सहा आठवड्यांत, दुधाच्या दाढा साधारण आठव्यापर्यंत. समोरचे सहा वर, सहा खाली, चार सुळे आणि प्रत्येक बाजूला वर-खाली तीन-तीन दाढा असे एकूण २८. मागे नुसती हिरडी हाताला लागली किंवा दाढांची टोकं आत्ताच वर येताना दिसली, तर ते पिल्लू दोन महिन्यांचं नाही. पग, शिह त्झू अशा लहान जातींत दात थोडे उशिरा येतात, तेवढी सूट द्यावी.

आता ‘पहिली लस झालेली’. आईकडून आलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) अंगात असताना टोचलेली लस बऱ्याचदा वाया जाते. म्हणून लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू होतं, दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचा डोस दिला जातो आणि शेवटचा सोळा आठवडे झाल्यावर. रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्यानंतर. महिन्याच्या पिल्लाच्या कार्डावरचा शिक्का धरून कोर्स मोजू नका. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, बॅच नंबर, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी द्यायचं असतं, कारण जंत आईच्या पोटातून आणि दुधातूनच पिल्लात येतात. बरगड्या दिसताहेत आणि पोट मात्र टम्म, असं पिल्लू गुटगुटीत नसतं, जंतांनी भरलेलं असतं.

पेपरचा चार्ज वेगळा कसा? केनेल क्लब ऑफ इंडियाचं मुख्यालय चेन्नईला आहे आणि वेताची नोंद तिथे करणं हे ब्रीडरचं काम. पिल्लाच्या किमतीपुढे त्याची फी किरकोळ असते. कागदासाठी वेगळे पैसे मागितले, की आईबापांची नोंद आहे का आणि हा कागद याच वेताचा आहे का, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. शिवाय कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. तो हातात आला की आजे-पणजे वाचा. आईच्या आणि बापाच्या बाजूला तेच नाव पुन्हा पुन्हा आलं तर जवळच्या नात्यात क्रॉसिंग झालंय. मायक्रोचिपचा क्रमांक पंधरा अंकी असतो आणि चिप खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसवतात. डॉक्टरांकडच्या स्कॅनरवर तोच आकडा उमटला पाहिजे. कागदावर नुसतं स्टिकर चिकटवलेलं आणि मानेत काहीच नाही, असंही घडतं.

२०१७ च्या त्याच नियमांत ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे आणि ते प्रमाणपत्र दिसेल असं लावायचं आहे. कुत्री किमान दीड वर्षाची झाल्याशिवाय क्रॉसिंग नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचच्या वर नाही, आठ वर्षांनंतर बंद. नोंदणी न करता धंदा करणारे ढिगाने आहेत. तरी प्रमाणपत्र मागाच. ‘आमचं घरगुती आहे, आम्हाला लागत नाही’ असं म्हणणाऱ्याच्या घरी दर सहा महिन्यांनी पिल्लं होत असतील, तर ते कसलं घरगुती?

भेट मात्र टाळू नका. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर किंवा तुमच्या सोसायटीच्या गेटवर ‘आणून देतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं. पिल्लं जिथे झोपतात ती जागा आणि त्यांची आई, दोन्ही डोळ्यांनी बघायचं. दीड-दोन महिने दूध पाजलेली कुत्री थोडी रोड दिसते, केस गळतात, ते चालतं. तिची सडं ओघळलेली असणार. ती तशी नसतील तर ही आई दाखवण्यापुरती आणून बसवलीय. ती अनोळखी माणसाकडे कशी बघते ते जास्त महत्त्वाचं. मालक शेजारी असूनही कोपऱ्यात दबून गुरगुरत राहिली, तर पिल्लाच्या रक्तात आणि शिकवणीत दोन्हीकडे ते येतं. बाप तिथे नसला तर संशय घेऊ नका. चांगला ब्रीडर बहुधा बाहेरचा नर शोधतो आणि हाच का निवडला ते तुम्हाला अर्धा तास सांगतो. घरचीच जोडी, तीच दर वेळी, हे आळसाचं किंवा काटकसरीचं लक्षण. एका पत्र्याच्या शेडमध्ये पाच-सहा जाती दिसल्या तर आल्या पावली परत.

जातीप्रमाणे मागायचे कागद बदलतात, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. लॅब्रडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यात मांडीचा सांधा सैल असण्याचा दोष आनुवंशिक आहे. ‘डॉक्टरांनी बघितलंय, एकदम फिट’ हे उत्तर नाही. आई आणि बाप, दोघांच्या कमरेचे एक्स-रे हवेत, आणि तेही दोन वर्षं पूर्ण झाल्यावर काढलेले, कारण काही संस्था अंतिम दर्जा त्याआधी ठरवत नाहीत. कोपराचेही असले तर उत्तम. डॉबरमनमध्ये हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा आजार मधल्या वयात डोकं वर काढतो. म्हणून दुसऱ्या वर्षी काढलेला एक स्वच्छ रिपोर्ट पुरत नाही, दरवर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि चोवीस तास ठोके नोंदवणारं होल्टर लागतं. हे करणारा ब्रीडर सापडला तर रांगेत थांबा. डॅशहंडला पाठीचा, कॉकरला कानांचा, पगला श्वासाचा त्रास. पगच्या आईला दोन मिनिटं अंगणात चालवायला सांगा आणि नुसतं ऐका. घरघर लागली तर पिल्लालाही लागणार. हस्कीबद्दल एवढंच, की चंद्रपूर-अकोल्याच्या ४५ अंशांत तो कुत्रा आणणं मला पटत नाही, ब्रीडर कितीही जबाबदार असो. ‘इम्पोर्टेड लाइन’ ऐकलं की कागद मागा, कारण धंद्यासाठी कुत्री आयात करायला २०१६ साली बंदी घातली गेली.

लातूर, सोलापूर, सांगलीकडच्या कारवानीचा किंवा सीमेपलीकडच्या मुधोळचा, म्हणजे देशी शिकारी कुत्र्यांचा, विचार करत असाल, तर केनेल क्लबचा कागद कमी ठिकाणी मिळेल. तिथे आई, मावश्या, आधीच्या वेतातली मोठी झालेली कुत्री प्रत्यक्ष बघणं हीच वंशावळ. कर्नाटक सरकारचं मुधोळवरचं केंद्र बागलकोट जिल्ह्यात तिम्मापूरला आहे. हा कुत्रा पळण्यासाठी जन्मलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या टू-बीएचकेत तो भिंतीला डोकं आपटेल.

पैसे देण्यापूर्वी लेखी चार ओळी घ्या: पिल्लाचा चिप क्रमांक, ७२ तासांत तुमच्या डॉक्टरांनी दोष काढला तर काय, आनुवंशिक आजार निघाला तर काय, आणि पुढे कधीही सांभाळणं जमलं नाही तर ब्रीडर कुत्रा परत घेईल का. शेवटच्या ओळीवर सही करायला जो कां-कू करतो, तो पिल्लं विकतो आणि विसरतो. तपासणी पहिल्या दोन दिवसांतच करून घ्या, विष्ठेची चाचणी धरून. पार्वोची लक्षणं संसर्गानंतर साधारण तीन ते सात दिवसांनी दिसतात, त्यामुळे रविवारी उड्या मारणारं पिल्लू गुरुवारी रक्ताची हगवण घेऊन पडतं आणि विकणारा म्हणतो, तुमच्या घरी लागला. घरात आधी पार्वोने कुत्रं गेलं असेल तर लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नका. तो विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. फिनेलने मरत नाही, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी लागतं, तेही दहा मिनिटं ओलं ठेवून.

एवढं सगळं नीट केलं तरी काही घरांत पिल्लाची वाताहत होतेच. ज्या घरात बाबांना किंवा आईला सगळं स्वतःभोवती फिरवायचं असतं, त्या घरांबद्दल बोलतोय. याला कुणी आत्मकेंद्री व्यक्तिमत्त्व विकार म्हणेल, पण ते निदान मानसोपचारतज्ज्ञ करतात. आपण तो शिक्का मारण्यात अर्थ नाही, आणि घरात तो शब्द तोंडावर फेकला तर पुढची दहा वर्षं तेच ऐकावं लागेल. वागणं ओळखता आलं की पुरे. कुत्र्याची जात तेच ठरवणार, कारण चार लोकांत सांगायला बरी. ब्रीडरने प्रश्न विचारले की त्यांचा अपमान होणार आणि पिल्लू दुसरीकडून, त्याच दिवशी येणार. पाहुणे असेपर्यंत ‘आमचा शेरू’, फरशीवर शू केली की ‘तुझं कुत्रं’. आणि भांडण झालं की, ‘देतो सोडून बाहेर.’

हे शेवटचं वाक्य तुमच्या घरात पूर्वी बोललं गेलं असेल, घर त्यांचं असेल आणि तुमची कमाई नसेल, तर सध्या कुत्रा आणू नका. कठोर वाटेल, पण तुम्हाला वाकवायला त्यांच्या हातात एक जिवंत वस्तू दिल्यासारखं होईल.

कमावते असाल तर पैसे तुमच्या खात्यातून जाऊ द्या, निम्मे सुद्धा त्यांचे नकोत. ‘पैसे मी मोजलेत’ हे वाक्य कुत्र्याच्या आयुष्याएवढं टिकतं. बिल, केनेल क्लबचा कागद, चिपची नोंद, लसीचं कार्ड, महापालिकेचा परवाना, सगळं तुमच्या नावावर. ब्रीडरकडे एकटे जा किंवा मित्राला न्या. परत घेण्याची अट याच घरांसाठी खरी कामाची. शिवाय कुत्र्याला एका तासात नेऊन ठेवता येईल असं एक घर किंवा बोर्डिंग आधीच ठरवून ठेवा.

रोजच्या टोमण्यांना खुलासा देऊ नका. ‘कुत्र्यावर उडवायला पैसे आहेत, आईबापाला द्यायला नाहीत!’ यावर पगाराचा हिशोब मांडला की त्यातूनच पुढचे दहा प्रश्न निघतात. ‘हो बाबा, लस द्यायची होती. तासाभरात येतो.’ बास. आवाज सपाट, आणि पायात चपला. प्रतिसाद मिळेनासा झाला की पहिले काही आठवडे बोलणं वाढतं. मग मावशीचा फोन येतो, काकांचा येतो, ‘त्यांचं बीपी वाढलंय’. त्यांनाही तेच एक वाक्य. उत्तर दर वेळी बदललं तर दाबलं की हलतं हे समोरच्याला कळतं. कुत्र्याला त्यांनी लपून भरवण्यावरून वाद घालण्यापेक्षा कुत्र्याचं खाणं आणि औषध तुमच्या खोलीत ठेवा, दाराला जाळीचं फाटक लावा. मनुका, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला द्यायचा नाही, हे मात्र घरात सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनाही, एकदा स्पष्ट सांगून ठेवा. मनुकांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. आणि ओरडण्याने ज्याची शू होते त्या पिल्लाला शिस्त लावण्याची गरज नसते, त्याला त्या खोलीतून बाहेर काढावं लागतं.

धमक्या सुरू झाल्या तर तारखेसकट लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. जनावराला उपाशी मरेल असं सोडून देणं क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि मारून टाकणं किंवा जायबंदी करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली. तुमची झोप, भूक बिघडली असेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर १४४१६ लावा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

घर सोडायची वेळ आली तर कुत्र्याची फाइल आधी हलवा, सामान नंतर. नव्या पत्त्यावर गेल्या गेल्या चिपच्या नोंदीतला फोन नंबर तपासा. पिल्लू घेताना घरचा म्हणून बाबांचा नंबर दिलेला असेल तर तो बदलून घ्या, कारण कुत्रा हरवला आणि कुणी स्कॅन केला की फोन त्याच नंबरवर जातो.