ग्वाल्हेरचा किल्ला: चढा ग्वालियर गेटने, उतरा उरवाईने

पुण्याहून आतेभाऊ (आमचा दादा) आणि वहिनी आल्या होत्या म्हणून परवा परत किल्ल्यावर जाणं झालं. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहणाऱ्यांना किल्ला रोज गच्चीवरून दिसतो ना, मग पाहुणे आल्याशिवाय वर जातंय कोण!

गाडी वर जाते ती उरवाई गेटने. पण गुडघे बरे असतील तर चढताना ग्वालियर गेटनेच जा, तिथून पायीच जावं लागतं, चढ चांगलाच दम काढतो पण वाटेत एकेक दरवाजा लागत जातो आणि किल्ला खरा कळतो तो इथूनच. खालचा गुजरी महाल आधी उरकून घ्या, तिथल्या म्युझियममधली ग्यारसपूरची शालभंजिका (स्त्रीचं दगडी शिल्प) सोडू नका. सोमवारी म्युझियम बंद असतं. वाटेतच खडकात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर आहे, बहुतेक लोक न थांबता पुढे निघून जातात. इसवी सन ८७६ च्या तिथल्या शिलालेखात २७० हात लांब बागेचा उल्लेख आहे आणि त्यातलं शून्य आपण आज लिहितो तसंच गोल. कुलूप दिसलं तर आसपासच्या चौकीदाराला विचारा.

वर मान मंदिर, देऊळ नाही, महाल. राजा मानसिंह तोमरांचा (राज्यकाळ १४८६ ते १५१६), बाहेरच्या निळ्या टाइल्सवर बदकं, हत्ती, केळीची झाडं, सकाळच्या उन्हात बघा. खाली जमिनीत दोन मजले आहेत, मुघलांच्या काळात तिथे कैदी ठेवायचे, औरंगजेबाच्या भावाला, मुरादला, १६६१ मध्ये याच किल्ल्यावर मारलं. जिने अरुंद, अंधार, वटवाघळांचा वास, त्यामुळे टॉर्च न्या आणि लहान मुलांचा हात सोडू नका.

आता माझं जरा ऐका. आत फिरताना एक गोष्ट स्पष्ट दिसली, जिथे गार्ड खुर्ची टाकून बसलाय तिथली भिंत स्वच्छ, आणि जिथे नुसतं कुलूप आणि पाटी आहे तिथे आजूबाजूला बाण मारलेले बदाम आणि नावं कोरलेली. संरक्षित वास्तूचं नुकसान केलं तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा कायदा आहे, पण पाटी वाचतो कोण! वाळूचा दगड आहे, किल्लीनेसुद्धा ओरखडा उठतो आणि तो भरून काढायला गेलं की डाग वेगळाच दिसतो. डागडुजी चुन्यानेच करायला हवी, सिमेंट भरलं की ओल आत अडकते, क्षार वर येतात आणि शेजारचा जुना दगडच पापुद्रे सोडायला लागतो. म्हणून एखादा जिना किंवा दालन बंद दिसलं तर चिडू नका, दादा चिडला होता, पण मला विचाराल तर आणखी दोन जिने बंद करा आणि डागडुजीचे वाचतील त्या पैशात चार गार्ड नेमा.

सास-बहू (१०९३ चं) आणि तेली का मंदिर वरच आहे. तेली मंदिर साधारण ३० मीटर उंच, इंग्रजांच्या काळात १८८१ ते १८८३ मध्ये मेजर कीथने त्याची दुरुस्ती करवली होती. वेगवेगळ्या भागांची तिकिटं वेगळी लागू शकतात, काउंटरवर आधी नीट विचारा आणि सगळी तिकिटं खिशात ठेवा.

उतरताना उरवाईच्या खडकातल्या जैन मूर्ती, तोमरांच्या काळातल्या, १५ व्या शतकातल्या. बाबराने त्या फोडायला सांगितल्या, पुढे काहींचे चेहरे पुन्हा बसवले गेले. रस्ता अरुंद आणि गाड्या चालू असतात, फोटोसाठी मध्ये उभं राहू नका आणि मूर्तींच्या पायांवर चढून सेल्फी तर अजिबात नको, वहिनींनी दोन पोरांना तिथेच झापलं.

संध्याकाळी लाइट अँड साउंड शो बघायचा असेल तर रिक्षावाल्याला थांबवूनच ठेवा, वेटिंगचे पैसे आधी ठरवा, रात्री वरून खाली यायला रिक्षा मिळेलच असं नाही. थंडीत स्वेटर न्या, वर वारा झोंबतो.