खोटे गाऱ्हाणे

शाळेच्या उन्हाळी सुट्टीतच शस्त्रक्रिया करून घेण्याचे माझे खरे कारण वैद्यकीय नव्हते. मे महिन्यात रजेचा अर्ज द्यावा लागत नाही, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागत नाही, आणि त्यामुळे कार्यालयातील लिपिकापासून शिपायापर्यंत कोणाला काही कळण्याचा प्रश्न येत नाही. हा हिशेब मी आहाराच्या तक्त्यापेक्षाही काळजीपूर्वक केला होता. देवगड तालुक्यातील आमच्या गावात हापूसच्या पेट्या भरण्याची धांदल चालू असताना, मे २०२३ मध्ये, आम्ही फोंडा घाटातून कोल्हापूरला गेलो आणि सहाव्या दिवशी परत आलो. त्या वेळी माझे वजन १०८ किलो आणि उंची १५५ सेंटिमीटर होती, म्हणजे बॉडी मास इंडेक्स, उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, जवळजवळ ४५. माझ्यावर झालेल्या शस्त्रक्रियेला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. तीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. भूक चाळवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागातच तयार होत असल्यामुळे पोटातली जागा कमी होते, तशी भूकही पुष्कळ कमी होते.

ही गोष्ट गावात दोघांनाच ठाऊक होती, मला आणि माझ्या पतींना. सासूबाईंना आम्ही सांगितले की पित्ताशयात खडे झाले आहेत आणि पित्ताशय काढावे लागणार आहे. हे कारण आम्ही विचार करून निवडले होते. दोन्ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने होतात, दोन्हींनंतर पोटावर तशाच लहान जखमा दिसतात, आणि काही दिवस पथ्याचे खाण्याबद्दल कोणी शंका घेत नाही. आमच्या वाडीत पित्ताशय काढलेल्या चार बायका तरी आहेत, त्यामुळे पाचवीची चौकशी फार खोलात जाऊन कोणी करणार नव्हते. गंमत अशी की या सगळ्यात पूर्ण खरे केवळ विमा कंपनीला ठाऊक होते. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून मिळण्यासाठी बॉडी मास इंडेक्स ४० किंवा त्याहून अधिक असावा लागतो, किंवा ३५ च्या वर असून सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह अथवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार यांसारखे काही ठरावीक आजार असावे लागतात. माझे वजन, रक्तातील साखर, यापूर्वी केलेले आणि फसलेले सगळे प्रयत्न, हे सारे त्या कागदांत होते. घरात मात्र पित्ताशय होते.

लपवण्यामागे लाज होती, असे कोणाला वाटेल. तशी ती फारशी नव्हती, एस. टी.च्या दोघांच्या बाकावर शेजारी बसायला लोक कचरतात, हे वीस वर्षे पाहिलेल्या बाईची लाज बरीचशी झिजून गेलेली असते. मला दोन गोष्टींची भीती वाटत होती. "पैसे टाकून सोपा मार्ग घेतला" हे ऐकावे लागेल, ही पहिली. २०११ साली नितीन गडकरी यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्याचे वर्तमानपत्रांत आले होते, तेव्हा आमच्या शिक्षक-खोलीत नेमके हेच वाक्य उच्चारले गेले होते, आणि मीही त्यावर हसले होते. दुसरी भीती अधिक खोल होती. या शस्त्रक्रियेनंतरही काही वर्षांनी थोडेफार वजन परत येऊ शकते, हे मला शल्यविशारदांनी आधीच सांगितले होते. एकदा गावाला कळले, की पुढची दहा वर्षे माझ्या कमरेचा हिशेब माझ्याआधी गाव ठेवणार होते.

पहिले काही आठवडे सोपे गेले. पेजेची निवळ, ताक, मग पातळ कुळथाची पिठी, मग मऊ भात, असा क्रम असतो आणि आजारी माणसाला आमच्याकडे नाहीतरी हेच देतात. घरभर पिकत्या आंब्यांचा वास असताना घोट-घोट पाणी पिणे कठीण होते, परंतु ते कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. अडचण पथ्य संपल्यावर सुरू झाली. जेवताना पाणी प्यायचे नाही, आधी आणि नंतर अर्धा तास थांबायचे. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जातील असे पाहायचे. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व कायमचे घ्यायचे. पित्ताशय काढलेल्या बाईला यातले काहीच करावे लागत नाही.

त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. चार महिन्यांत माझे २४ किलो वजन उतरले होते आणि केस मूठमूठ गळत होते, कारण इतक्या वेगाने वजन उतरले की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुष्कळदा केस गळतात. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी मला ओळखलेच नाही. "कसला दुखणा लागला गो तुका?" हा प्रश्न त्या पाच दिवसांत मी किती वेळा ऐकला याची गणती नाही. साखर लागली, कावीळ उलटली, घरात पटत नाही, असे निरनिराळे निष्कर्ष माझ्या पाठीमागे निघत होते आणि दुसऱ्या दिवशी आरतीपर्यंत माझ्याकडे परत येत होते. पूर्वी मी दुसरा मोदक घेतला की भुवया उंचावत असत. आता अर्ध्या मोदकावर थांबले की आग्रहाचा गलका होई. मी त्यावर एक युक्ती शोधली. वाढपाचे काम अंगावर घ्यायचे. पंगतीत बसलेल्याचे पान सगळे पाहतात, वाढणारीचे पान कोणी पाहत नाही. ती शेवटी, चुलीपाशी, उरलेसुरले घेऊन बसते आणि तिने किती खाल्ले हे विचारण्याची आपल्याकडे पद्धतच नाही. पन्नास माणसांना काळ्या वाटाण्याचे सांबारे वाढून मी चार चमचे वरणावर उठत होते. इतकी वर्षे ज्या चालीचा मला राग येत होता, तिच्याच आडोशाला मी लपले होते.

इथपर्यंत मला अपराधी वाटत नव्हते. ते प्रथम वाटले शाळेत, एका सहशिक्षिकेमुळे. त्या माझ्याहून सहा वर्षांनी लहान, वजन नव्वदच्या पुढे, स्वभावाने सरळ. त्यांनी एके दिवशी डबा उघडताना विचारले, "बाई, तुम्ही नक्की काय केलेत?" मी सहज सांगून गेले, की रात्रीचा भात बंद केला आणि रोज पहाटे खाडीपर्यंत चालत जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या पुन्हा म्हणाल्या, "दोन महिने भाताला हात लावला नाही. तीन किलो उतरले, दोन परत आले. तुमच्यासारखा निर्धार माझ्यात नाही हो." मी त्यावर काय बोलले ते मला आता आठवत नाही, म्हणजे बहुधा काहीच बोलले नाही. शस्त्रक्रियेविषयी न बोलणे हा माझा अधिकार आहे, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. पण मी गप्प राहिले नव्हते. मी त्यांना कृती सांगितली होती, आणि तिच्यातला मुख्य जिन्नस काढून ठेवला होता.

डिसेंबरमध्ये एका रात्री जेवणानंतर तासाभराने माझ्या पोटात उजवीकडे, बरगडीखाली, असह्य कळा सुरू झाल्या. पती कामानिमित्त रत्नागिरीला होते. सासूबाईंनी शेजारच्या मुलाची रिक्षा काढायला लावली आणि आम्ही तालुक्याच्या डॉक्टरांकडे पोहोचलो. मला बोलता येत नव्हते, म्हणून त्याच सांगू लागल्या, "हिचा पित्ताशय काढलेला आसा, मे म्हयन्यात." डॉक्टरांनी पोटावरचे बारीक व्रण पाहिले, मान डोलावली आणि ते साहजिकच दुसऱ्या कारणांकडे वळले. पित्ताशयच नसेल तर त्यात खडा कसा असेल? आम्ही निवडलेले खोटे इतके चपखल होते की डॉक्टरांनाही त्यात फट दिसली नाही. वेदनाशामक इंजेक्शन भरून तयार झाले तेव्हा मला घरी दिलेल्या पत्रकातली ओळ आठवली, की काही वेदनाशामके जठराला घातक ठरू शकतात आणि ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मी बाकावर मुटकुळे करून पडल्या पडल्या म्हणाले, "डॉक्टर, पित्ताशय आहे. काढले आहे ते जठर." सासूबाई माझ्या पायांशी उभ्या होत्या.

सकाळी सोनोग्राफीत खडे दिसले. वजन वेगाने उतरते तेव्हा पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि तो टाळण्यासाठी मला सहा महिने घ्यायच्या गोळ्या लिहून दिलेल्या होत्या. पित्ताशय काढलेल्या बाईच्या उशाशी पित्ताशयाच्या गोळ्या दिसू नयेत म्हणून मी त्या कपाटात साड्यांखाली ठेवल्या होत्या, आणि नजरेआड ठेवल्यामुळे आठवड्यातून तीन-चार दिवस तरी चुकवल्या होत्या. नियमित घेतल्या असत्या तर खडे झालेच नसते, असे मी म्हणू शकत नाही. जानेवारीत पुन्हा कोल्हापूरला जाऊन पित्ताशय खरोखरच काढून टाकावे लागले. आठ महिन्यांपूर्वीचे खोटे अशा रीतीने खरे झाले.

त्यानंतर मी सहशिक्षिकेला सगळे सांगितले. शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात, विम्याच्या कागदांसकट. त्यांनी "सोपा मार्ग" हे शब्द वापरले नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "दोन महिने मी रात्री उपाशी झोपत होते, बाई." दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात भात होता आणि त्या डबा घेऊन दुसऱ्या टेबलाशी बसल्या. आता बोलतात, पूर्वीसारखे नाही. तेव्हापासून कोणी विचारले तर मी "हो, वजन कमी झाले आहे" म्हणते आणि थांबते. बहुतेक लोकांना तेवढे पुरते. ज्यांचा प्रश्न स्वतःसाठी आहे असे डोळ्यांत दिसते, त्यांना शस्त्रक्रियेचे सांगते. कोणत्याही डॉक्टरांना, अगदी दात काढणाऱ्यांनाही, मी आता प्रथम तेच सांगते.

एक प्रसंग मात्र मला अजून छळतो. परिचयातील एका आईने विचारले, की सव्वीस वर्षांच्या मुलीची हीच शस्त्रक्रिया स्थळे पाहण्यापूर्वी गुपचूप उरकून घेता येईल का, सासरी कधीही कळू न देता. मुलीवर काय गुदरत असेल याची मला कल्पना आहे, म्हणून मी उपदेश केला नाही. परंतु शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची असते, हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि लग्नानंतर पहिल्या महिन्यापासून "काही बातमी?" असे विचारणाऱ्या घरात ही मुदत नवऱ्याला न सांगता कशी पाळायची, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. गावाला सांगू नका, पण ज्याच्याशी लग्न करायचे त्याला सांगा, इतकेच मी म्हणाले. ते त्यांना आवडले नाही.

सासूबाई रागावल्या नाहीत. निदान माझी अपेक्षा होती त्या कारणासाठी नाही. दवाखान्यातून परतल्यावर दोन दिवस त्या गप्प होत्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "देवाक पण खोटाच सांगितलंय गो मी, तुझ्यापायी." मे महिन्यात, आम्ही कोल्हापूरला निघण्यापूर्वी, त्यांनी ग्रामदेवतेसमोर माझ्या पित्ताशयासाठी गाऱ्हाणे घातले होते आणि नवस बोलला होता. तो शिमग्यात फेडायचा होता. जे कोकणात राहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, की गाऱ्हाणे हे मनातल्या मनात घालायचे नसते. गुरव ते खड्या आवाजात घालतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणून दुजोरा देतात. म्हणजे गाऱ्हाणे दुरुस्त करायचे तर ते मानकऱ्यांसमोर आणि अख्ख्या वाडीसमोर करावे लागणार होते.

माझ्यापुढे पळवाट होती. मी म्हणाले, "आई, आता पित्ताशय खरेच काढले आहे. होते तसेच गाऱ्हाणे राहू द्या." त्यांनी तांदूळ निवडता निवडता विचारले, "आणि तेव्हा?" मग थोड्या वेळाने, "जठर म्हणजे काय म्हणान सांगू देवाक?" मी तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी सांगितले, की पोट लहान करून घेतले, एवढेच सांगा.

शिमग्यात देवळात नारळ ठेवला गेला आणि गुरवाने सुरुवात केली, "बा देवा रवळनाथा महाराजा, तुझ्या ह्या लेकरान गेल्या वर्साक सुनेच्या पित्ताशयाचा गाऱ्हाणा घातल्यान, ता चुकीचा व्हता. सुनेन आपला पोट लहान करून घेतल्यान. चुकला माकला पोटात घे आणि पोरीक सांभाळ." सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटले. ढोल सुरू होण्यापूर्वी मागच्या रांगेतून एका म्हातारीने मोठ्याने विचारले, "लहान म्हंजे केवढा गो?" मी मागे वळले आणि दोन्ही हातांच्या बोटांनी केळ्याएवढे अंतर दाखवले.