एकाच घरातली इंजिनं समोरासमोर कधी आणायची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कॉम्प्युटर बुद्धिबळाच्या स्पर्धेत एकाच कोडमधून निघालेली दोन-तीन इंजिनं (बुद्धिबळ खेळणारे प्रोग्रॅम) उतरली, तर त्यांची आपसात गाठ टाळावी का? टाळू नका. स्विस पद्धतीत (दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ) दोन तगडी भावंडं एकमेकांपासून लांब ठेवली, की दोघांचाही सर्वांत अवघड प्रतिस्पर्धी चुकतो आणि इतरांना मात्र दोघांशीही झुंजावं लागतं. गाठ पडू द्या, फक्त लवकर.

लवकर अशासाठी, की शेवटच्या फेरीत गुणतक्ता समोर असतो. इंजिनाला लबाडी कळत नाही, चालवणाऱ्याला कळते. ज्या इंजिनात ‘कंटेम्प्ट’ची, म्हणजे बरोबरी किती टाळायची हे ठरवणाऱ्या आकड्याची, सोय आहे, त्यात तो आकडा उणे केला की ते बरोबरीवर खूश.

साखळी स्पर्धेत हे क्रमांक वाटतानाच साधतं. आठ इंजिनांच्या बर्जर तक्त्यात (कोणत्या फेरीत कोण कुणाशी, हे सांगणारा ठरलेला तक्ता) पहिल्या फेरीत १-८, २-७, ३-६, ४-५ अशा जोड्या पडतात. म्हणजे भावंडांच्या चार जोड्या असल्या तरी पहिल्याच फेरीत मोकळ्या होतात. तिघं एका घरातले असतील तर त्यांना १, २ आणि ८ द्या: १-८ पहिल्या फेरीत, १-२ दुसऱ्या, २-८ तिसऱ्या. चौघं असतील तर या तक्त्यात पहिल्या तीन फेऱ्यांत सगळं बसतच नाही, कसेही क्रमांक द्या. तेव्हा सरळ दोन गट करावेत. (माणसांच्या स्पर्धेतही एका देशाच्या खेळाडूंना असंच आधी भिडवतात, २०२४च्या कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, गुकेश आणि विदित पहिल्याच फेरीत खेळले.)

दुसरी अडचण बरोबरीची. दोघांचं मूल्यमापन सारखं असेल तर एकाला न दिसलेला धोका दुसऱ्यालाही दिसत नाही, आणि डाव थंड पडतो. म्हणून थोडी एका बाजूला कललेली ओपनिंग (सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) निवडा आणि प्रत्येक ओपनिंग रंग बदलून दोनदा खेळवा. स्टॉकफिश या इंजिनाच्या सध्याच्या मोजणीत +१.०० म्हणजे पांढऱ्याची जिंकण्याची शक्यता साधारण निम्मी. त्याच्या आसपासची ओपनिंग बरी. फार कलली तर दोन्ही डाव पांढरा जिंकतो आणि हिशेब १-१. हा संच सगळ्याच जोड्यांना द्यायचा, फक्त भावंडांना नाही. शिवाय प्रत्येक इंजिनाला वेगळं फोल्डर द्या, नाहीतर दोघं आधीच्या डावांतलं शिकणं साठवणारी एकच लर्निंग फाइल वाचत बसतात. एकाच मशीनवर खेळ असेल तर पाँडरिंग (प्रतिस्पर्ध्याच्या वेळात विचार करणं) बंद.

खरा घोळ नातं ठरवण्यात आहे. टोगा हे इंजिन फ्रूटवरून आणि स्टॉकफिश ग्लाउरुंगवरून निघालं, हे उघडच होतं. राइब्का या इंजिनाने फ्रूटचा कोड वापरल्याचं सांगून आयसीजीए या कॉम्प्युटर-खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये त्याला अपात्र ठरवलं, तो वाद मात्र अजून रंगतो. कोड मिळत नसेल तर वागणूक तपासा: काही हजार शांत पोझिशन, प्रत्येकीला सेकंदाचा दहावा भाग, आणि निवडलेल्या चाली किती जुळतात ते मोजा. एकच चाल भाग आहे अशा पोझिशन आधी गाळा. तिथे कुणाचंही कुणाशी जुळतं. आणि इंजिन आधी स्वतःशीच ताडून बघा. अनेक थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या गणितांवर) ते स्वतःशीही शंभर टक्के जुळत नाही.

पोझिशन जोखणारी न्यूरल नेटवर्क आल्यापासून गुंता वाढलाय. चालींचा शोध स्वतःचा, नेटवर्क दुसऱ्याचं; किंवा नेटवर्क स्वतःचं, पण शिकवलेलं लीला या इंजिनाच्या डावांवर. माझ्या मते नेटवर्क एकच असेल तर ते नातं धरावं, नुसता डेटा समान असेल तर नाही. काहीही ठरवा, पण क्रमांक काढण्याआधी जाहीर करा. दुसऱ्या फेरीनंतर काढलेला नियम कुणाच्या तरी विरोधातच पडतो.