पापुद्र्याखालचा ख्रिस्त

जुन्या लाकडावरचा सुटत चाललेला रंग परत जागेवर बसवणं, हे माझं काम. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर कापसाच्या बोळ्याने संतांचे चेहरे उजळवत असतो. प्रत्यक्षात निम्मा वेळ गुडघ्यावर बसून बॅटरी धरण्यात जातो आणि उरलेला अहवाल टाइप करण्यात. इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये बिनम प्रायरीचं काम मात्र संपूनही संपलेलं नाही.

बिनम म्हणजे सेंट ऑल्बन्सच्या बड्या बेनेडिक्टाइन मठाची छोटी शाखा. 1091 च्या सुमारास पीटर द व्हॅलोइन्स या नॉर्मन सरदाराने स्थापलेली. मठ छोटा, भानगडी मोठ्या. जॉन राजाच्या काळात वेढा पडला तेव्हा इथले संन्यासी कोंडा खाऊन आणि पन्हाळीचं पावसाचं पाणी पिऊन राहिले. चौदाव्या शतकात विल्यम सोमर्टन या मठप्रमुखाला किमयेचा नाद लागला. चांदीचे पेले, सोन्याच्या अंगठ्या, सगळं विकून बसला; सोनं काही झालं नाही. 1539 मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बंद झाला तेव्हा जेमतेम सहा संन्यासी उरले होते. पूर्वेकडची इमारत पाडून दगड विकले गेले. पश्चिमेकडच्या भागात गावकऱ्यांची प्रार्थना व्हायची, म्हणून तेवढा वाचला.

त्यातच जुन्या लाकडी पडद्याच्या, म्हणजे चर्चमधल्या आडभिंतीच्या, फळ्या आहेत. त्यांवर संत रंगवलेले होते. धर्मसुधारणेच्या काळात, संतांची चित्रं नकोशी झाली तेव्हा, त्यांच्यावर पांढरा रंग फासला गेला आणि वर ‘ग्रेट बायबल’ या हेन्रीच्या काळातल्या अधिकृत बायबलमधले इंग्रजी उतारे काळ्या, टोकदार अक्षरांत लिहिले गेले. आता तो पांढरा थर झिजलाय आणि ओळींमधून संत वर येतायत. एका फळीवर जखमा दाखवणारा ख्रिस्त अक्षरांच्या आडून सरळ बघतो.

आम्ही प्रकाश तिरपा टाकतो, फळीला जवळजवळ समांतर. समोरून गुळगुळीत वाटणारा रंग मग खरं बोलतो: फुगवटे, भेगा, कडेने वळलेले पापुद्रे. अशा चर्चमध्ये सहा दिवस गारठा आणि रविवारी हीटर. लाकूड आक्रसतं-फुगतं, रंग त्याच्यामागे धावू शकत नाही. हे मी प्रत्येक अहवालात लिहिते आणि प्रत्येक चर्चची समिती मान डोलावून हीटर लावते.

सुट्या पापुद्र्याखाली स्टर्जन माशाचा गोंद सोडायचा. गोंद कोमट असावा, पातळ कागदातून, दोन केसांच्या ब्रशने सोडायचा. पातळ केला तर आत शिरतो पण धरत नाही. दाट केला तर धरतो पण चकाकतो. मधलं प्रमाण पुस्तकात नसतं, बोटांना कळतं. मग कोमट स्पॅच्युलाने हलकं दाबायचं आणि श्वास रोखून थांबायचं.

अशाच एका पांढऱ्या पापुद्र्याची कड उचलली, तर खाली सोनेरी वर्ख चमकला. पापुद्रा आपणहून पडायला एक शिंक पुरली असती. मी गोंद सोडला आणि तो खाली दाबून बसवला.

शेजारी गावातले एक निवृत्त आजोबा उभे होते. चर्चची किल्ली त्यांच्याकडेच असते.

“झाकलंत?” ते म्हणाले. “अहो, वरचं खरवडून टाका ना. त्याला मोकळं करा.”

मी नेहमीचं उत्तर दिलं: अक्षरंही साडेचारशे वर्षांहून जुनी आहेत, तीही या मठाचाच इतिहास आहेत, एकदा काढली की परत येत नाहीत. सगळं खरं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे ज्यांनी फासलं, त्यांचं राहिलेलं काम तुम्ही पुरं करताय.”

आमच्या नियमांत याला उत्तर आहे, आणि मी तेच पुन्हा करीन. पण ते उत्तर एका गोष्टीला बगल देतं. संतांना बाहेर कोणी तज्ज्ञाने काढलेलं नाही. दुर्लक्षाने आणि झिजेने काढलंय. पांढरा थर फासलेल्या दिवशी माझ्यासारखी कोणी त्याची निगा राखायला असती, तर आज तो ख्रिस्त कोणाला दिसलाच नसता. आणि ही झीज नेमकी आज, इथेच थांबावी, हे ठरवणारी मी कोण? खरं तर निधी कधी मंजूर झाला, त्यावर ते ठरलं.

अहवालात मी ‘वरचा थर काढू नये’ असं स्पष्ट लिहिलंय. पुढच्या तपासणीत नवे फोटो जुन्या फोटोंशी ताडून पाहीन. कुठे पापुद्रा पडलेला दिसला, तर ते माझ्या कामाचं अपयश म्हणून नोंदवावं लागेल. आजोबा मात्र खूश होतील.